मार्व्हाची मुकी विनंती

आमच्या गावात गुडघे तयार होतात. तळ्याच्या उत्तरेला कारखाना आहे. तिथे धातूचे आणि प्लास्टिकचे गुडघे घडतात, खोक्यांत भरले जातात आणि देशभरच्या म्हाताऱ्यांच्या पायांत जाऊन बसतात. कंपनीला लांबलचक नाव आहे, पण इंडियानाच्या आमच्या कोपऱ्यात ते कोणी घेत नाही. "तुझा भाऊ हल्ली कुठे?" "गुडघ्यात." एवढं पुरतं. मार्व्हा ट्रोक्सेल एकवीस वर्षं गुडघ्यात होती.

तिचं काम डॉक्टरांच्या जेवणावळी ठरवायचं. कंपनीच्या एखाद्या नव्या गुडघ्यावर व्याख्यान असायचं, व्याख्यानाला चार डॉक्टर यायचे, आणि व्याख्यान म्हणजे पडद्यावर एक चित्र लावून ठेवलेलं असायचं. ते चित्र कोणी पाहत नसे. मांस यायचं, वाइन यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून ते चौघे आमचेच गुडघे बसवायचे. बिल सरकारी विम्याला जायचं. यात काही गैर आहे असं मार्व्हाला पुष्कळ वर्षं वाटलं नाही. पाहुण्यांना पोटभर वाढावं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

मार्व्हाचं खरं काम मात्र वेगळं होतं. आमच्या चर्चच्या प्रार्थनासाखळीची ती पहिली कडी होती. कोणावर संकट आलं की मार्व्हाला कळवायचं. मार्व्हा फोन करणार आयडेला रुपला, आयडेला तिसरीला, तिसरी चौथीला. कोणाचं पित्ताशय, कोणाचा घटस्फोट, कोणाच्या जावयाने दारू पिऊन ट्रॅक्टर तळ्यात घातला, सगळं प्रार्थनेसाठी. प्रार्थनेसाठी नसतं तर त्याला दुसरं नाव द्यावं लागलं असतं. साखळीत माझा नंबर सातवा. माझ्यापर्यंत येईतो पित्ताशयाचं मूत्रपिंड झालेलं असायचं.

मार्व्हाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळ गुपित राखलं ते चाळीस मिनिटं. आयडेलाच्या साठीची अचानक पार्टी होती, आणि त्या चाळीस मिनिटांत मार्व्हा पार्टीचा केक आणायला दुसऱ्या गावी गेलेली होती.

भानगड सुरू झाली ती सह्यांच्या कागदावरून. प्रत्येक व्याख्यानाला कोण आलं, याच्या सह्या घ्याव्या लागतात. माणशी सव्वाशे डॉलरच्या वर जेवण घालायचं नाही असा कंपनीचाच नियम आहे. चार डॉक्टर मात्र नऊ जणांचं खायचे. विक्रीखात्यातला कोल्बी मार्व्हाच्या टेबलाशी आला.

"मार्व्हा, पाच नावं हवीत."

"कोणाची?"

"कोणाचीही. फक्त विचारायला येणार नाहीत अशी."

मार्व्हाच्या फोनशेजारी प्रार्थनेची यादी चिकटवलेली होती. आजारी, अंथरुणाला खिळलेले, नव्वदीच्या पुढचे. तिने वरची चार नावं उतरवली, आणि पाचवं आयडेलाचं घातलं, कारण आयडेला नाही असा कार्यक्रम तिला डोळ्यांसमोर आणता येईना. अक्कल गुडघ्यात म्हणतात ती कधीकधी पगारी असते.

पुढे कोल्बीला ती यादी आवडली. त्याने मार्व्हाला विचारायचंच सोडलं. दर खेपेला तो जुना कागद समोर ठेवून नवा उतरवायचा. मार्चमध्ये यादीतली विल्मा गार्बर वारली. तिच्या अंत्यविधीच्या जेवणाला बटाट्याची कोशिंबीर मार्व्हानेच केली होती. एप्रिलच्या बिलांची फाइल लावताना मार्व्हाला दिसलं की एकोणीस तारखेला विल्माने अर्धवट भाजलेलं गाईचं मांस खाल्लं, त्यावर दीड बाटली वाइन घेतली, आणि 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतील नवे कोन' हे व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं.

विल्माला दात नव्हते. शेवटची दोन वर्षं ती सफरचंदाच्या गरावर जगत होती.

मार्व्हाने तो कागद फाइलसकट पिशवीत घातला. मग तिने फोर्ट वेनच्या रेनाटा फुस्को या वकीलबाईंना गाठलं. वकीलबाईंनी कागद पाहिले, फाइल पाहिली, खुर्चीत सरळ झाल्या.

"ही नावं कोणी लिहिली?"

"पहिल्यांदा मीच."

वकीलबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "ठीक आहे. ते आपण आधीच सांगून टाकू. मिसेस ट्रोक्सेल, तुम्ही सरकारच्या वतीने दावा लावू शकता. डॉक्टरांना खाऊपिऊ घालून गुडघे विकले, आणि पैसे सरकारकडून घेतले, असा. पण तो कोर्टात मोहोरबंद जातो. सरकारची चौकशी होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही."

"कोणाला म्हणजे?"

"कोणालाही."

"आयडेलाला?"

"आयडेला कोण?"

हा प्रश्न मार्व्हाला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"आणि सांगितलं तर?"

"तर दावा बुडू शकतो. कंपनी सावध होईल, कागद गायब होतील. मग विल्माबाईंनी ते मांस खाल्लं, असंच कायमचं राहील."

"नवऱ्याला?"

"नवऱ्याला चालेल. ते गप्प राहतील ना?"

"ऑर्व्हिल गप्पच असतो. त्याला ऐकू येत नाही. त्याला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि खिडकीशी शेजारी असतात."

"मग नको," वकीलबाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"कायद्यात साठ दिवस आहेत."

साठ दिवस. मार्व्हा गाडीत बसून थोडी रडली. मग तिने कंपनीत अर्ज देऊन आपली बदली खिळे-स्क्रू पॅक करायच्या विभागात करून घेतली, म्हणजे पुन्हा कोणाला जेवू घालायला नको.

पहिल्याच बुधवारी घोळ झाला. बुधवारच्या प्रार्थनेत आमचे पाळक विचारतात, कोणाची काही विनंती? लोक हात वर करून सांगतात. ज्याला कारण सांगायचं नसेल त्याने नुसतं 'मुकी' म्हणायचं. मुकी विनंती, म्हणजे देवाला ठाऊक आहे, तुम्ही फक्त प्रार्थना करा. ही सोय लाजाळू पुरुषांसाठी आहे. तीस वर्षांत मार्व्हाने ती कधी वापरली नव्हती. त्या दिवशी तिचा हात वर गेला, तोंड उघडलं, आत एवढी मोठी गोष्ट होती की ती दारात अडकली, आणि बाहेर एवढंच आलं: "मुकी."

पाळकांनी चष्मा काढला.

शुक्रवारपर्यंत तिला कॅन्सर झाला होता. रविवारी ऑर्व्हिल दुसऱ्या बाईसाठी तिला सोडणार होता. ऑर्व्हिलला या बाईबद्दल कळलं असतं तर तो खूश झाला असता, पण त्याला कोणी ओरडून सांगितलं नाही. मग कळलं की तिची स्क्रूमध्ये बदली झालीय, आणि सगळ्यांची खात्री पटली. मरायला टेकलेल्या माणसालाच कंपनी हलकं काम देते.

आमच्याकडे माणूस मरायला टेकला की त्याच्या दारात काचेची भांडी जातात. ट्यूना मासा, नूडल्स, वर चीज, सगळं भट्टीत भाजलेलं. तळाशी चिकटपट्टीवर आपलं नाव, भांडं परत यावं म्हणून. पहिल्या महिन्यात सोळा भांडी गेली. त्यातलं एक माझं. मार्व्हाचा फ्रिज भरला, शेजारणीचा भरला. ऑर्व्हिलचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. साठ वर्षांत तो एवढा सुखी कधी दिसला नव्हता.

मार्व्हाने वकीलबाईंना फोन केला. "मी लाच खातेय."

"कसली?"

"ट्यूनाची. मी आजारी आहे समजून लोक देतायत."

"मिसेस ट्रोक्सेल, लाच देणाऱ्याला बदल्यात काहीतरी हवं असतं."

"यांनाही हवंय. मी काय लपवतेय ते हवंय."

"मग घेऊ नका."

"ट्यूना नाकारला तर चर्च बदलावं लागेल."

"मग खा," वकीलबाई म्हणाल्या. "आणि हो, मुदत वाढलीय. अजून सहा महिने."

दुसऱ्या दिवशी आयडेला आली. ती दार वाजवत नाही. सरळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"कॅन्सर आहे का?"

मार्व्हा गप्प.

"बोलू नकोस. नुसती मान हलव."

मार्व्हाने दोन्ही हातांनी आपली मान धरून ठेवली.

"एकतीस वर्षं झाली, मार्व्हा. मी तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं."

"हो, आणि मी ते..."

"साखळीत घातलंस. अख्ख्या जिल्ह्याने माझ्या मूळव्याधीसाठी प्रार्थना केली. मी तोंडातून शब्द काढला का?"

"नाही."

"मग?"

मार्व्हाचे ओठ हलले. त्या क्षणी ती बोललीच होती, असं तिने मला पुढे सांगितलं. पण शब्दाच्या आधी तिला विल्मा दिसली, तोंडात दात नाहीत, पुढ्यात ताट. तिने ओठ मिटले.

"माझं भांडं दे," आयडेला म्हणाली.

"त्यात अजून अर्धं आहे."

"तसंच दे."

ती अर्धा ट्यूना छातीशी धरून निघून गेली, आणि साखळीची फेरमांडणी झाली. आयडेला पहिली. मार्व्हाला शेवटी टाकलं, माझ्या खाली, सातवी. म्हणजे तिला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. नोव्हेंबरात एकदा मला तिला कळवावं लागलं, "मार्व्हा, साखळीत आलंय म्हणून सांगते हं. तुझ्या डोक्यात गाठ आहे."

"बरं," ती म्हणाली. "करते प्रार्थना."

तिने केली असणार, माझी खात्री आहे.

सहा महिन्यांचे बारा झाले, बाराचे चोवीस. सरकारला घाई नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यात तळं गोठलं. गोठलेल्या तळ्याच्या पोटातून आवाज येतात, खोलवर कोणाला तरी बोलू दिलेलं नाही असे. मार्व्हा रोज दुपारी काठावर जाऊन ते ऐकत उभी राहायची. आम्ही गाडीतून बघायचो आणि म्हणायचो, संपलं आता हिचं. पुन्हा नऊ भांडी गेली.

तीन वर्षं आठ महिन्यांनी, एका मंगळवारी, वकीलबाईंचा फोन आला. मोहोर निघाली होती. कंपनीने काहीही कबूल न करता मोठी रक्कम भरायचं कबूल केलं होतं. "आता तुम्ही बोलू शकता," वकीलबाई म्हणाल्या. "कोणाशीही."

मार्व्हा आयडेलाच्या घरापर्यंत चालत गेली. वाटेत ती वाक्यं जुळवत होती, पण एवढ्या दिवसांत तिची सवय मोडली होती. दारात तिला दिसलं की आयडेलाच्या पुढ्यात जिल्ह्याचं साप्ताहिक उघडं आहे. त्यात दावा छापला होता, यादीसकट.

"आयडेला, ते..."

"थांब. वाचतेय." आयडेलाचं बोट ओळीवरून सरकत होतं. "मी चौदा वेळा गेले."

"हो."

"'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतील नवे कोन'. चौदा वेळा ऐकलं, आणि एक प्रश्न विचारला नाही. मी?"

"पहिल्या खेपेला नाव मीच लिहिलं. तेही छापलंय बघ."

"बघितलं. हे काय, कॅबर्ने?"

"लाल वाइन."

आयडेलाने चष्मा खाली ठेवला. "माझ्या बापाने या जिल्ह्यातले दोन दारूचे गुत्ते बंद पाडले होते."

"माहीत आहे."

"किती?"

"माणशी दीड बाटली."

"एकवीस बाटल्या," आयडेला हळूच म्हणाली. "विल्माने पण?"

"विल्माने पण. मेल्यावर सुद्धा."

आयडेलाच्या नाकातून एक आवाज आला. तिने तो दाबला, पण तो खांद्यांतून बाहेर पडू लागला, आणि शेवटी तिला टेबल धरावं लागलं. मार्व्हा हसली नाही.

"तिने ते खाल्लं नव्हतं, आयडेला. मला एवढंच सांगायचं होतं."

आयडेलाने डोळे पुसले. "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"तुला तर मुळीच नाही. ते साखळीत..."

"गेलं असतं. संध्याकाळच्या आत." ती पेपर घडी घालत राहिली, गरजेपेक्षा लहान. "मी त्यासाठी नाही रागावले. तू मरतेयस असं मला वाटत होतं. तीन वर्षं मी तुझ्या अंत्यविधीला काय बोलायचं ते पाठ करत होते. चांगलं जमलं होतं."

"म्हणून दाखव."

"आता नाही."

अर्धं गाव गुडघ्यात आहे, त्यामुळे पेट्रोलपंपावर काही लोक अजून मार्व्हाकडे बघत नाहीत. दावा लावणाऱ्याला कायद्याने वसुलीतला वाटा मिळतो, तो तिला मिळाला. त्यातून ऑर्व्हिलसाठी दोन्ही कानांची यंत्रं आली, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तक्रार केली की घरात फार बोललं जातं. मग मार्व्हाने तळाची नावं वाचत भांडी परत केली, एकेचाळीस घरी. प्रत्येक घरी तिने सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. दोन घरांनी दार उघडलं नाही. तिथे तिने दाराबाहेरून सांगितली. माझ्याकडे ती दोन तास होती. मरत नाहीये हे ऐकून आम्हाला आनंद झाला. पण खरं सांगायचं तर जरा फसल्यासारखंही वाटलं.

पुढच्या बुधवारी पाळकांनी विचारलं, कोणाची काही विनंती? आयडेलाने हात वर केला. तिने पाळकांकडे पाहिलं नाही. तिने दोन रांगा मागे वळून मार्व्हाकडे पाहिलं.

"मुकी," ती म्हणाली.

बाहेर गाड्यांपाशी मार्व्हाने तिला गाठलं. "काय आहे?"

"मुकी म्हणजे मुकी."

"तब्येत?"

आयडेलाने हातमोजे घातले, एकेक बोट सावकाश.

"नुसती मान हलव," मार्व्हा म्हणाली.

आयडेलाने दोन्ही हातांनी आपली मान धरली आणि गाडीत जाऊन बसली.

शुक्रवारी सकाळी मार्व्हा तिच्या दारात उभी होती. हातात काचेचं भांडं, ट्यूना आणि नूडल्स, अजून वाफ येत होती. आयडेलाने झाकण उचलून वास घेतला, भांडं आत घेतलं आणि दार लावलं. मार्व्हा पायरीवर थोडा वेळ थांबली. भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर तिचं नाव होतं, म्हणजे ते न्यायला तिला परत यावंच लागणार होतं.