पिल्लू आणायला गेलेल्या मैनाबाई

अलोऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या मैनाबाईंनी निवृत्तीनंतर ठरवलं, कुत्रा पाळायचा. माकडं परसातला एक भोपळा धड मोठा होऊ देत नव्हती. नवऱ्याची, दीपकरावांची, एकच अट होती. "आणायचा तर रुबाबदार आणू."

म्हणून दोघं चिपळूणला एका माणसाकडे लॅब्राडोरची पिल्लं बघायला गेली. दीपकराव बघताक्षणी विरघळले. मैनाबाईंनी मात्र डोस पाजायला आणलेल्या बाळाची करावी तशी चौकशी सुरू केली.

"जन्म कधीचा? लस कुठली दिलीत? आणि यांची आई कुठाय?"

"आई गावाला असते," विकणारा म्हणाला.

"अंगावरची पिल्लं इथे टाकून?" मैनाबाईंनी पिशवी उचलली नि चालू लागल्या. दीपकराव पिल्लांकडे वळून वळून बघत एसटीत चढले.

आठवडाभराने वरच्या वाडीतल्या गोदूबाईंचा निरोप आला. म्हातारी लेकाकडे मुंबईला कायमची निघाली होती आणि तिच्या गावठी कुत्रीला दोन महिन्यांची तीन पिल्लं होती. दोघं तिच्याकडे पोचली तर त्यातलं एक दीपकरावांच्या चपलेचा पट्टा कुरतडू लागलं. "हेच! धीट आहे," त्यांनी जाहीर करून टाकलं.

मैनाबाई गोठ्याच्या कडेला बसून नुसत्या बघत होत्या. मध्येच त्यांनी फाडकन छत्री उघडली. पिल्लं तीन दिशांना पळाली. दीपकरावही दोन पावलं मागे सरले. पिल्लांची आई तेवढी उठली, छत्रीला नाक लावून खात्री करून घेतली आणि मैनाबाईंच्या पायाशी येऊन बसली. तिचा एक कान फाटका होता.

"काकी, हिचं काय करणार तुम्ही?"

गोदूबाईंनी मान फिरवली. "शेजारी भाकरी घालीन म्हणतायत."

"मग मला हीच द्या."

"बाय, ही कशाला नेतेस? पाच वर्षांची हाय! पिल्लांना काय, माणसं रांगेत आहेत."

"पिल्लू पुढे कसं निघेल कोण जाणे. हिचा स्वभाव समोर दिसतोय. आणि ह्या वयात मला कुणाच्या मागे धावायचं नाहीये."

गोदूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सुंदरी नाव तिचं."

दीपकरावांनी फाटक्या कानाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

गुरांच्या दवाखान्यात सुंदरीची लस झाली, नसबंदीचं ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस माकडं आली की सुंदरी पायरीवर बसून त्यांना नुसती न्याहाळायची. "छान! प्रेक्षक आणलास," दीपकराव म्हणाले. मग एका सकाळी टोळीतल्या थोराड नराने भोपळ्याला हात घातला, आणि सुंदरी अशी सुटली की त्याने शेजारच्या फणसाचा शेंडा गाठला. टोळीने त्या परसाचा नाद सोडला. दुपारी चहा पिताना दीपकराव शेजाऱ्याला सांगत होते, "आमची निवड."

मे महिन्यात समोरून वरात गेली. फटाक्यांची माळ लागली तशी सुंदरी थेट दीपकरावांच्या खाटेखाली शिरली. मैनाबाई धावत आत आल्या, तर दीपकराव जमिनीवर आडवे, हात खाटेखाली.

"अगो, लग्न आहे ते," ते सुंदरीला समजावत होते. "माझ्या वेळी मीसुद्धा असाच थरथरत होतो."

मैनाबाईंनी हसू दाबत खिडक्या लावून घेतल्या आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.