मागाच्या घराण्यातली गाडी

जॉबरांनी गाडी घेतली तेव्हा ती किती पळली आहे, पेट्रोल किती पिते, आधीच्या मालकाने कशी वापरली, यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. त्यांनी फक्त घराणं पाहिलं. गाडी होती जुनी, पांढरी टोयोटा कोरोला. आणि टोयोटावाले मुळातले मागवाले, कापड विणायचे माग बनवणारे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

आता जॉबर म्हणजे कोण, तर गिरणीतल्या मागखात्याचा मुकादम. बिघडलेले माग ठीक करायचे, विणकरांना कामाला लावायचं आणि दिवसभर त्या धडधडाटावर आवाज चढवून ओरडायचं, हे काम. कान असा तयार की सगळे माग एकदम चालू असताना त्यातला कुठला कुरकुरतोय ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. त्यांच्या खात्यात काही जपानी माग आले होते. धागा तुटला की ते आपले आपण थांबायचे, विणकराचं लक्ष असो वा नसो. ज्या माणसाने असा माग बनवला त्याच्याच मुलाने पुढे मोटारी काढल्या, हे कुणीतरी जॉबरांना सांगितलं, आणि तिथून पुढे जॉबरांनी ते सगळ्या जगाला सांगितलं. आडनाव टोयोडा, गाडी मात्र टोयोटा. कारण जपानी लिपीत असं लिहिलं की रेघा आठ होतात आणि आठ तिकडे शुभ. त्यांच्या मोटारीच्या कारखान्यात कुणाही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं तर तो दोरी ओढून काम थांबवू शकतो. "साधा कामगार बरं का," असं म्हणून जॉबर समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे. लग्नाला जा, मयताला जा, ती थाप कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्यावर पडायचीच. ही कहाणी जॉबरीणबाईंना इतकी पाठ होती की नवरा कुठे दम घेणार तेही त्यांना आधी कळायचं.

जॉबरीणबाई म्हणजे अर्थातच त्यांची बायको. पण नुसती बायको नव्हे, त्याही गिरणीतल्याच. त्या आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघी कांडीखात्यात. मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरून मागांपर्यंत पोचवायचं काम. कांडीवालीने मागाला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक होता, आणि तो सगळ्यात कडक पाळून घ्यायचे ते जॉबर. "मागाला एकच हात," ते म्हणायचे. दहा जणांचे हात लागले की माग बिथरतो.

हाच दंडक त्यांनी घरी आणून गाडीला लावला. गाडी पुसायची असेल तर बाईंनी जरूर पुसावी, सीटची कव्हरं शिवावीत, आतल्या आरशावर फडकं मारावं. पण स्टिअरिंगला हात नाही. सुरुवातीला बाईंनी एकदोनदा विषय काढून पाहिला. जॉबरांनी मागाला एकच हात म्हणून तो तिथल्या तिथे मिटवला. पोराला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यालाही तेच ऐकवलं, मग पोराने पुढे स्वतःची गाडी घेतली आणि वडिलांच्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही.

बरं, हात नाही तर नाही, बाईंचं तोंड कुणी बांधलं होतं? बाजूच्या सीटवर बसल्या की सुरू. तो बघा ट्रक अंगावर येतोय, तो सायकलवाला बघा कसा मधून चाललाय, पुढे खड्डा आहे, आता हिरवा झाला ना दिवा, मग उभे का. जॉबर म्हणायचे, हिच्या तोंडाला ब्रेकच बसवलेला नाही. पण म्हणायचे हसत. दर आठवड्याला दोघं असे भांडत, बडबडत आक्काकडे जायचे. आक्का अजून गिरणीपलीकडच्या जुन्या कामगार वसाहतीतच राहायची. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, आक्का मात्र हलली नाही. ते दिवस बाईंना पुढे फार आठवले. खिडकीतून येणारा वारा, मांडीवर आक्कासाठी घेतलेला डबा, आणि शेजारी हा माणूस, इंजिनाचा आवाज ऐकत मान डोलावणारा. सुख म्हणतात ते हेच होतं, पण त्या वेळी कोण त्याला सुख म्हणतं?

मग एकदा बाईंची दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा, बोलायची सोय नाही. दवाखान्यातून घरी येताना रस्त्याच्या कडेला बांधकामाच्या वाळूचा हा एवढा ढीग होता, आणि जॉबरांनी गाडी सरळ नेऊन त्या ढिगात घातली. लागलं कुणालाच नाही. वाळू होती म्हणून गाडीलाही काही झालं नाही. बाई डोळे फाडून नवऱ्याकडे बघत राहिल्या. जॉबरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"तू बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

आधी बाईंना राग आला. दाढ माझी गेली आणि वर दोषही मलाच? पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मग एकेक उलगडत गेलं. या माणसाला समोरचं धड दिसत नव्हतं, आणि ते आजचं नव्हतं. कित्येक महिने तो बायकोच्या बडबडीवर गाडी हाकत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला आहे, कडेचं थोडं दिसतं तेवढं दिसेल, चष्म्याचा उपयोग नाही. गाडी घरासमोर उभी राहिली. मुलगा येऊन म्हणाला, उभी राहून गंजेल, त्यापेक्षा विकून टाकू, गिऱ्हाईक माझ्या माहितीतलं आहे. जॉबर हूं की चूं करेनात. दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. टोयोटाच्या घराण्याची कहाणीसुद्धा बंद झाली, आणि ती ऐकून ऐकून विटलेल्या बाईंना आता घरातली शांतता खायला उठायची.

आणि आक्का? ती कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. गिरणी गेल्यापासून वसाहतीकडे बस जात नव्हती. बाई एकदा भाड्याच्या गाडीने जाऊन आल्या, तर ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत उभा. बहिणीपाशी धड बसताही आलं नाही. मुलगा म्हणायचा, नेतो ना आई, पुढच्या रविवारी नक्की. असे बरेच रविवार गेले. एके दिवशी आक्काने फोनवर शांतपणे सांगितलं की तुमचं येणं होणार नसेल तर तसं सांग बाई, निदान मी वाट बघणं तरी थांबवते. फोन ठेवून बाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून पोटभर रडल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी, गाडी सर्व्हिसिंगला जायची त्या शोरूममधून फोन आला. असा फोन अधूनमधून यायचा, जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस म्हणून, आणि जॉबर तो मोठ्या दिमाखात घ्यायचे. गाडीबद्दल समाधानी आहात का, असं पलीकडची मुलगी विचारायची. जॉबर "पूर्ण" म्हणायचे आणि तिला कंपनीचा इतिहास ऐकवायला बसायचे. बिचारी पगारी नोकर, ऐकून घ्यायची. या वेळी जॉबर अंघोळीला गेले होते, म्हणून फोन बाईंनी उचलला. मुलीने ठरलेला प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, समाधानाचं मला काय विचारतेस, मी ती कधी चालवलीच नाही. समोरच्या कागदावर या उत्तराला जागा नसावी. मग ती पोर अगदी सहज म्हणाली, "मग चालवून बघा ना, मॅडम."

एवढंच. पण इतक्या वर्षांत हे वाक्य बाईंना कुणी म्हणालं नव्हतं.

गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी मुलाला फोन करून सांगितलं की त्याला येऊ नको म्हणून कळव. गाडी विकायची नाही, मी शिकणार आहे. मुलगा आधी हसला, मग घाबरला, मग या वयात, हातपाय मोडून घेशील, लोक काय म्हणतील वगैरे सगळं म्हणून झालं. बाईंनी फोन ठेवला आणि वळल्या, तर मागे जॉबर उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मागाला एकच हात असतो," ते म्हणाले.

बाईंनी ते वाक्य जन्मभर गिळलं होतं. त्या दिवशी गिळलं नाही.

"असं? आणि भोंगा झाला की काय व्हायचं? पहिल्या पाळीचा विणकर बाजूला व्हायचा आणि दुसऱ्या पाळीचा त्याच मागावर उभा राहायचा. मी कांड्या घेऊन तिथेच असायची, बघितलंय मी सगळं. तुमची पाळी संपली. आता माझी."

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. जॉबर चाचपडत खुर्चीपर्यंत गेले, बसले. मग म्हणाले की विणकर पाळी सोडताना पुढच्याला मागाच्या खोडी सांगून जातो, तशी पद्धत आहे. बाईंनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसल्या. दुसरा गिअर जरा अडतो, तो कसा चुचकारून टाकायचा, तिथून जॉबरांनी सुरुवात केली.

रीतसर शिकायला बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात. तिथला शिकवणारा बरा होता, पण त्याचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. संध्याकाळी बाजारामागच्या मोकळ्या पटांगणात जॉबर शेजारी बसून शिकवायचे, ते मात्र पटकन कळायचं. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. आता ओरडतंय बघ इंजिन, पुढचा गिअर टाक. क्लच असा सोड, सुताला हिसका बसता कामा नये. एकदा बाई बऱ्यापैकी वेगात चालल्या होत्या आणि जॉबरांना कुठून तरी सायकलची घंटा ऐकू आली. ते खच्चून ओरडले, "धागा तुटला!" धागा तुटला की विणकर काय करतो, तर हाताने दांडा ओढून माग थांबवतो. बाईंनी आयुष्यभर हेच पाहिलेलं. त्यांनी पायाखालचं सगळं सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी गचका खाऊन जागच्या जागी बंद पडली, जॉबरांची टोपी उडून काचेवर आपटली. सायकलवाला आपल्या वाटेने निघून गेला, त्याला पत्ताही नाही.

"अगं, हा माग पायाने थांबतो," जॉबर म्हणाले, आणि वाळूच्या ढिगानंतर पहिल्यांदा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. बाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

परीक्षेत एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. लायसन हातात पडल्यावर त्यांनी पहिला फोन आक्काला केला. आक्का म्हणाली, मला खिडकीशी बसवून ठेवायला सांगते. तू गाडी चालवत आलेली मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे.

ठरल्या सकाळी दोघं निघाले. बाई स्टिअरिंगवर, जॉबर बाजूला. शहरातून बाहेर पडेपर्यंत बाईंचा जीव मुठीत होता. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर, तोंडातून एक शब्द नाही. गाडी चालवायची आणि बोलायचं, दोन्ही एकदम त्यांना जमेना. जॉबरांनी वाट पाहिली. काय दिसतंय, असं दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, थांबा हो, ट्रक आहे. बाजूच्या सीटवर, काही न दिसता, गुपचूप बसणं काय असतं हे जॉबरांना तेव्हा कळलं असेल.

मग तेच बोलू लागले. रस्ता त्यांना पाठ होता. आता पूल लागेल, मग सायकलींचं दुकान, त्याचा मालक खात्यात होता बघ आपल्या, लंगडत चालायचा तो. मग झाडांची रांग. सावली आली ना अंगावर? बाई नुसत्या हुंकार देत होत्या. दुकानाचं शटर कधीचं गंजून गेलं होतं, झाडं अर्धीच उरली होती, पण ऐकायला बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी हा माणूस सलग बोलत होता.

"गिरणीची चिमणी आली की डावीकडे," जॉबर म्हणाले. "लांबून दिसते, चुकायचा प्रश्नच नाही."

चिमणी नव्हती. जिथे गिरणी होती तिथे पत्र्याचं उंच कुंपण होतं, त्यावर नव्या इमारतींची चित्रं, आणि आत मातीचे ढिगारे. बाई शेवटच्या येऊन गेल्या त्यानंतर केव्हातरी पाडली असणार. त्या चिमणीच्याच पायथ्याशी, पाळी सुटताना, कपाळाला सूत चिकटलेल्या एका कांडीवालीला या माणसाने पहिल्यांदा हाक मारून थांबवलं होतं. बाईंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"हळू का केलीस?" जॉबरांनी लगेच विचारलं. "चिमणी आली?"

कुंपणाला लागून डावीकडे एक अरुंद रस्ता जात होता. वळणावरचा जुना पाण्याचा हौद तेवढा जागेवर होता, त्यावरून बाईंनी वळण ओळखलं.

"आली," त्या म्हणाल्या.

"उभी आहे ना?"

"आहे की. तिला काय होतंय."

जॉबर सीटला टेकून बसले. त्यांचा चेहरा सैल झाला. "मग बरोबर आलो आपण," ते म्हणाले. "घे डावीकडे."

बाईंनी वळण घेतलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.