उंदराचं पान

मुलीच्या रिपोर्टात एका जीनचं नाव होतं, तीन-चार अक्षरं आणि एक आकडा. त्याच्या पुढं एवढंच समजलं की तो बिघडलाय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी. मला कुठला धीर? इकडं आखातात, अल बर्शातल्या ऑफिसात बसून मी ते नाव मोबाइलवर टाकलं आणि जे पहिलं पान उघडलं ते वाचत सुटलो.

प्रोटीनवर साखरेची साखळी चढवण्याच्या कामात हा जीन भाग घेतो, असं तिथं लिहिलं होतं. साखळी चढल्याशिवाय प्रोटीनला नीट घडी पडत नाही, जायचं तिथं ते पोचत नाही. काम चालतं कुठं, तर पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत. हा शब्द मी नववीत मार्कांसाठी पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिला होता. आता माझी चार वर्षांची पोर भिंत धरून चालते ती ह्या जालिकेपायी? डोकं चक्रावून गेलं. ओळ कळायची, पुढची वाचली की आधीची कळेनाशी व्हायची. तरी चार पानं प्रिंट काढून पिवळ्या मार्करनं रंगवली, कारण बायकोला तिसरा महिना चालू होता. पोटातल्याचंही असंच होणार का, एवढंच आम्हा दोघांना विचारायचं होतं.

डॉक्टर मल्याळी, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी माझी पानं चाळली आणि हळूच म्हणाल्या, "ये तो रॅट का जीन है."

चार दिवस मी उंदराची माहिती पोरीला लावत होतो! इंजिनिअर म्हणे. वर कोपऱ्यात उंदराचं नाव ठळक छापलं होतं, ते मी मार्करनं रंगवलंही होतं. डॉक्टरांनी समजूत काढली: उंदरात हा जीन जे करतो तेच जवळजवळ माणसात करतो, म्हणून तर त्याच्यावर अभ्यास होतो. मला त्याचंही बरं वाटेना.

मग त्यांनी रिपोर्ट पुढं घेतला. मुलीकडं ह्या जीनच्या दोन प्रती, एक माझी, एक तिच्या आईची, आणि दोन्हींत तंतोतंत एकच बिघाड. असं बहुतेक नात्यात लग्न झालं की दिसतं. "पण फॉर्मवर तुम्ही नाही म्हटलंय."

नाहीच म्हटलं होतं मी, दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा. नवरा-बायकोत रक्ताचं नातं आहे का, ह्या प्रश्नावर बेधडक टिक केली होती. आडनाव वेगळं, कूळ वेगळं, देवक वेगळं. आमच्या साताऱ्याकडं ह्याला रक्ताचं नातं कोण म्हणतं?

"घरी मुलीला कोण सांभाळतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आत्या," ती म्हणाली. "मतलब, मेरे पापा की बहन. मेरी सास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मामाची मुलगी करतात आमच्यात, मी पुटपुटलो, हक्काची असते. त्या रागावल्या नाहीत. इकडं हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यात लाजायचं काही नाही, म्हणाल्या. फक्त आधी कळलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच ही तपासणी सांगितली असती. मग कागदावर चार चौकोन काढून एक काळा केला. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. पोटातल्या बाळाची तपासणी मंगळवारी ठरली.

गाडीत बायको म्हणाली, "मला विचारायचं होतंस की फॉर्म भरताना. मी हो म्हटलं असतं." खोटं बोललो नव्हतो, पण खरंही कुठं बोललो होतो? आजही मला ते नीट उमगत नाही.

घरी आई पोरीला वरणभात भरवत होती. "काय म्हणाल्या? कुणाकडून आलंय हे?" तिनं पहिलं तेच विचारलं. माझ्या वडिलांच्या घराण्यावर तिचा कधीपासूनचा संशय होता.

"दोघांकडून, आत्या," बायको म्हणाली. "ह्याच्यात तुझ्याकडून आलं आणि माझ्यात बाबांकडून."

आईनं घास हातातच धरला. ती सातवी शिकलेली, पण मला चार पानं वाचून जे कळलं नव्हतं ते तिला तेवढ्यात कळलं.

"म्हणजे माझ्या माहेरचं," ती म्हणाली. "आणि लग्नही मीच जुळवलं."

पोर तोंड उघडून बसली होती. "मोअर," ती आजीला म्हणाली.