भाऊजींचा गाजलेला पेपर

स्वतःच्या नावाची आमच्या भाऊजींइतकी काळजी घेणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि या बाबतीत पुण्यात पहिला नंबर काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एका संशोधन संस्थेत ते जंतूंमधली जनुकं शोधायचे, असं ताई सांगायची. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की इतर शास्त्रज्ञांनी आपल्या पेपरात भाऊजींच्या पेपरचा उल्लेख केलाय की नाही, हे ते शोधायचे. अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात, हे कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत इस्त्रीवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. माझ्या साखरपुड्यात मुलीच्या काकांनी "आपण काय करता?" असं सहज विचारलं, आणि पंगती उठल्या तरी त्या बिचाऱ्यांची सुटका झाली नव्हती.

पूर्वी परदेशातून 'आपल्या पेपरची प्रत पाठवावी' अशी कार्डं यायची. ती भाऊजी टीपॉयच्या काचेखाली मांडून ठेवायचे आणि पाहुण्यांना चहाचा कप कडेला ठेवायला लावायचे. मग घरात इंटरनेट आलं. मी नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो, म्हणून मोडेम बसवायला मलाच बोलावणं आलं. त्या दिवसापासून सकाळी त्यांचा फोन लागेनासा झाला. आंघोळीच्या आधी भाऊजी जगभरात आपलं नाव शोधत बसायचे. फारच तुटवडा पडला की स्वतःच्या नव्या पेपरात स्वतःच्याच जुन्या पेपरांचा सढळ हातानं उल्लेख करायचे. मी एकदा हसलो, तर शांतपणे म्हणाले, "अरे, ज्याला विषय कळतो तोच उल्लेख करणार ना."

आणि मग एका पेपरनं त्यांचं नशीबच उघडलं. मुठेच्या पाण्यातल्या एका जंतूत चक्क माणसासारखं जनुक सापडलं, असा तो पेपर. जर्मनी काय, जपान काय, जिकडून तिकडून उल्लेख यायला लागले. भाऊजींनी सोसायटीत पेढे वाटले. प्रोफेसरच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती आणि निवड समिती उल्लेखांचा आकडा बघणार होती. ताईनं कोटसुद्धा शिवून घेतला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बढत्यांचे पेढे खाऊन ती कंटाळली होती.

समितीपुढे ठेवायला म्हणून ते सगळे परदेशी पेपर मी ऑफिसातून छापून आणले. येताना बसमध्ये चाळले. विषय मला शष्प कळत नाही, पण 'हा निष्कर्ष आम्हाला कुठेही आढळला नाही' हे वाक्य कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. प्रत्येकानं भाऊजींचा उल्लेख केला होता तो त्यांना खोटं पाडण्यासाठी. भाऊजींनी आकडा रोज मोजला होता, पेपर एकही वाचला नव्हता.

मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नावं ठेवायला तरी नाव घ्यावंच लागतं." पण दुसऱ्या दिवसापासून ते प्रयोगशाळेत जाऊन बसले. जुना प्रयोग पहिल्यापासून केला. शेवटी स्वतःच्या गालाच्या आतली कातडी खरवडून तपासली, आणि जंतूत सापडलेलं जनुक भाऊजींचं स्वतःचंच निघालं. कधीतरी त्यांच्याच हातून नळीत पडलं असणार. म्हणजे जगभरातली हुशार मंडळी मुठेच्या पाण्यात आमच्या भाऊजींना शोधत होती. मी पोट धरून हसलो. भाऊजी हसले नाहीत.

ताई म्हणाली, "अहो, मुलाखत होऊन जाऊ दे, मग काय ते कळवा. समिती आकडा बघते. आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"कोणी वाचत नाही, खरंय," भाऊजी म्हणाले. "पण तिकडे पोरं याच्यावर पीएचडी करतायत गं. नसलेली गोष्ट शोधतायत. त्यांची वर्षं वाया चाललीत."

मुलाखतीच्या आधीच त्यांनी पेपर मागे घेतला. चूक कशी झाली, कोणाच्या हातून झाली, सगळं एका पानात स्वच्छ लिहून छापलं. जागा दुसऱ्याला मिळाली. ताई बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. तो कोट भाऊजींनी पुढे कधी घातला नाही आणि ताईनं तो कुणाला देऊनही टाकला नाही.

आता भाऊजी निवृत्त झालेत. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी नाव शोधणं चालूच आहे. बाकीच्या पेपरांचे उल्लेख अधूनमधून सापडतात. पण त्या एका पानाचा, त्यांनी आयुष्यात लिहिलेल्या सगळ्यात चांगल्या पानाचा, आजवर कुणीही उल्लेख केलेला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून म्हटलं, निदान आपण तरी करावा.