न करपणारा तवा

प्यो मान-बोकचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. माणूस खाली टेकला की गुडघा हलायला लागायचा. आधी आईने, मग मास्तरांनी, मग ओतशाळेतल्या मुकादमाने त्याला एकच बजावलं होतं, पाय हलवू नकोस, नशीब गळून जातं. मान-बोक या कोरियन नावाचा अर्थच दहा हजार सुखं. त्यामुळे बायको ओक-बुन म्हणायची, "अहो, पाय! निम्मी सुखं तर सांडून झाली असतील. उरलेली तरी घरात राहू द्या."

ती स्वतः दिवसभर उभी असायची. मापो भागातल्या ज्या गल्लीत डुकराचं मांस भाजून खायला अख्खं सोल शहर लोटतं, तिथे ब्योन शेठाणीच्या खानावळीत मागच्या मोरीवर ती तवे घासायची. टेबलाटेबलावर शेगडी, शेगडीवर लोखंडी तवा. चरबी सुटते, रस करपतो, तवा काळाकुट्ट होतो आणि गिऱ्हाईक हाक मारतं, "मावशी, तवा बदला!" वाढणारी मावशी चिमट्याने तवा उचलते आणि तो निखाऱ्यासारखा तापलेला तवा ओक-बुनच्या पुढ्यात येऊन पडतो. तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आता डाव्याने घासायची, तर तेही सुजायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, घासणं बंद करा. ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मोरीवर हजर झाली.

न जाऊन करते काय? मान-बोकने ओतशाळेतली नोकरी सोडली होती. न करपणारा तवा बनवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि ते शिरलं होतं तिच्याच मनगटापायी. पण घर चालायचं तिच्या पगारावर. म्हणजे तिचे हात वाचवायचा सगळा खर्च तिचे हातच करत होते. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं.

शहराबाहेरच्या भाड्याच्या शेडमध्ये त्याने किती तवे ओतले आणि मोडले, त्याला गणती नाही. एक तापला की वाकायचा. एकावरून चरबी अशी उडायची की जेवणाऱ्याने छत्री घेऊन बसावं. शेवटी एक जमला. वर दगडाच्या भुकटीचा गुळगुळीत लेप, मधे उतार, कडेला पन्हळ. चरबी आणि रस सगळा खाली निथळून जायचा. तवा तासन्‌तास तापला तरी चकचकीत. मान-बोकने जुन्या टेम्पोवर लाल रंगात 'न करपणारा तवा' असं रंगवून घेतलं आणि गल्ली पालथी घातली. सगळे मालक गोड बोलायचे, "ठेवून जा, बघतो." एकाने तो किमचीच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलेला त्याने डोळ्यांनी पाहिला.

गल्लीत सगळे बघायचे ते ब्योन शेठाणीकडे. तिने घेतलं की बाकीचे डोळे मिटून घेणार. अखेर ती कबूल झाली. म्हणाली, "मान-बोक, तुझ्या बायकोची भीड पडते म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी खिडकीकडच्या टेबलांवर तुझे तवे, भिंतीकडच्यांवर माझे. मी बघते. तू कोपऱ्यात बस आणि तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेवलं, पायाचं काय? टेबलाखाली गुडघा असा चालला होता की वरचे चमचे वाजत होते.

त्याचे तवे देखणे निघाले. खिडकीकडची माणसं मांस भाजत होती, कात्रीने कापत होती, तवा आरशासारखा. भिंतीकडून मात्र हाकांवर हाका, "मावशी, तवा बदला!" मान-बोक मनात फुगला. त्याला वाटलं, झालं, जिंकलो.

शेठाणी गल्ला सोडून त्याच्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "खिडकीकडे बघ."

खिडकीकडची माणसं उठून बूट घालत होती.

"आता भिंतीकडे बघ."

मावशी नवा तवा ठेवत होती. ठेवता ठेवता म्हणत होती, "तवा तापलाय मस्त, आणखी दोघांचं मांस आणू ना?" आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघून हसत होतं. "आणा, आणा. आणि सोजूची एक बाटली."

"तवा बदलला की पंगत नव्याने बसते, बाबा," शेठाणी म्हणाली. "तुझ्या तव्यावर मावशीला टेबलाजवळ जायला निमित्तच नाही. तवा चांगला आहे तुझा. माझं दुकान बुडवण्याइतका चांगला आहे. घेऊन जा."

गल्लीतच जन्म काढलेला माणूस, हजारदा स्वतः "आणा, आणा" म्हणालेला, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं! त्याने वर्षानुवर्षं खपून नेमकी तीच हाक बंद पाडली होती जिच्यावर गल्ली पोट भरत होती. तो तवे टेम्पोत भरताना मागच्या मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. ओक-बुनला तोंड दाखवायचं धैर्य त्याला झालं नाही.

पुढचे आठवडे तो शेडमध्ये पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा फिरत राहिला. तवा काळा व्हायलाच हवा, हे त्याला कळलं होतं, पण स्वतःच्या हाताने तो नासवायचा म्हणजे काळजाला घरं पडत होती. एका सकाळी डाव्या हाताला फडकं गुंडाळून कामावर निघालेली ओक-बुन त्याने पाहिली, आणि त्याने अभिमान गिळला. लेप तोच ठेवला. उतार काढला, पन्हळ बुजवली. रस आता तव्यावरच साचायचा, करपायचा, तवा हवा तसा काळाकुट्ट व्हायचा. पण लेपामुळे ती काजळी नुसती वर बसायची, आत धरायची नाही. मग त्याने सुरी घेतली आणि टेम्पोवरचा 'न' खरवडून काढला.

"करपणारा तवा!" शेठाणी खो खो हसली. "अरे, असले तर माझ्याकडे ढिगाने आहेत."

"एकच संध्याकाळ, शेठाणी. तुमच्या हाका तुम्हाला मिळतील. मला फक्त मोरीत उभं राहू द्या."

त्या संध्याकाळी सगळ्या टेबलांवरून हाका आल्या, आणि पहिला काळा तवा मोरीत आला. ओक-बुनने तो कोमट पाण्यात सोडला, तारेची घासणी उचलली आणि एक हात फिरवला. काजळीची अख्खी पापडी सुटून पाण्यावर तरंगली. खाली तवा लख्ख.

दारातून शेठाणीने पाहिलं. "उद्यापासून सगळ्या टेबलांना," एवढं म्हणून ती गल्ल्याकडे वळली.

मान-बोकला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण ओक-बुन थांबली नव्हती. तवा स्वच्छ झाला होता आणि तिचा हात तसाच चालला होता, जोर लावून, खांद्यापासून, सुजलेल्या मनगटासकट. तिचं लक्षही नव्हतं. इतक्या वर्षांची सवय हाताला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की संपलं.

"अगं," तो म्हणाला, "हात."

तिने खाली पाहिलं. घासणी सोडायला बोटं उघडेनात. त्याने एकेक बोट सोडवलं, मग तिच्याजवळ पालथ्या बादलीवर टेकला आणि तिचा ओला हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. तो हलत नव्हता.

"मावशी, तवा बदला!" बाहेरून हाक आली.