थर्माकोलच्या खोक्यातली मुशी

चांदवडच्या कांदेवाल्या घरातली मुलगी शार्कचा अभ्यास करते, याचं आमच्या भावकीला आयुष्यभर हसू आलं. "आपल्या गंगेत सापडतात का गं तुझे शार्क?" असं अजूनही लग्नाकार्यात विचारतात. मी उत्तर देत नाही. दिलं तर कार्य बिघडेल, असा माझा स्वभाव.

तीस वर्षं मी कोकणातल्या बंदरांवर जाळ्यात मेलेल्या मुशी टेपनं मोजल्या. मुशी म्हणजे शार्कच. सुरुवात केली तेव्हा त्या बंदरांवर हे काम करणारी दुसरी बाई नव्हती. त्यातली भुरी मुशी हळूहळू दिसेनाशी झाली. निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहायला आले, तेव्हा तिला पाहून बारा वर्षं झाली होती. एखादी तरी जिवंत असेल, एवढ्या आशेवर मी होते. निघताना ओळखीच्या तांडेलाला बजावलं होतं, "तुमच्या होडीत कधी आलीच, तर फोटो काढा आणि सोडून द्या."

त्याची लेक आमच्याच शहरात, इंदिरानगरला दिली आहे. गेल्या वर्षी तो आणि त्याची बायको तिच्याकडे आले. लेकीला सुके बोंबील दिले आणि थर्माकोलचं एक खोकं घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"ताई, ओळखा बघू!"

झाकण उघडलं. बर्फात ती होती.

"सोडून द्या म्हटलं होतं ना!"

"फोटो काय, कुणीही पाठवतो. तुमच्याकडे रिकाम्या हातानं कसं यायचं? गिऱ्हाईक मागत होतं, दिली नाही. तुमच्यासाठी राखली."

ओरडणार होते, पण कोणत्या तोंडानं? तीस वर्षं मी त्याच्याकडे मेलेल्याच मागितल्या. वेगळी काही सापडली की तो बाजूला ठेवायचा आणि मी त्याची पाठ थोपटायचे. हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्यांना चहा दिला. मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तिला मोजलं, सवय जात नाही. पोट फुगलं होतं म्हणून चिरलं. ही मुशी अंडी घालत नाही, पिल्लं देते. आत सहा होती, डोळ्या-दातांसकट पूर्ण वाढलेली. आठ-दहा दिवसांत जन्मली असती.

त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तो मात्र माझ्याकडेच बघत होता.

"हीच ना ताई, तुम्ही शोधत होता ती?"

"हीच."

त्याचा चेहरा खुलला. "मग झालं! पुन्हा मिळाली की पुन्हा आणतो."

मी नको म्हणाले नाही. नको म्हणायला समुद्रात आणखी एक असावी लागते.