दोनपाशी तुटलेला ग्राफ
काल शहाडच्या दुकानात भाचीसाठी ग्राफ पेपर घेतले आणि त्यांच्या कोऱ्या वासासरशी मला अकरावीतली एक टेस्ट आठवली. त्या सकाळी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. "इथे बसून काय करणारेस? जा, पेपर दे," म्हणत आईने मला हॉस्पिटलमधून कल्याणच्या क्लासला पिटाळलं. सगळ्यांचे मोबाइल सरांच्या ड्रॉवरमध्ये होते. एक भागिले कंसात एक्स वजा दोन, याचा ग्राफ काढायचा होता. एक्स दोन झाला की छेद शून्य होतो, म्हणून तिथे उभी तुटक रेघ मारायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना वक्र काढायचा, एवढंच काम. पण माझा हात थांबेना. एक पॉइंट नऊ घेतला, उत्तर उणे दहा. एक पॉइंट नऊ नऊ, उणे शंभर. मग आणखी एक नऊ, आणखी एक. "अगं, कागदाबाहेर गेलीस की!" सर मागून म्हणाले. "सर, थांबले की फोन वाजल्याचा भास होतो," म्हणत मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांनी माझा फोन आणून बाकावर ठेवला आणि शेजारी बसले. "आता दुसरी बाजू काढ." वक्र अर्धा झाला तेवढ्यात आईचा फोन आला. मला उचलवेना, म्हणून सरांनीच उचलला. "ऑपरेशन नीट झालं," ते म्हणाले, "आणि आई विचारतायत, पेपर सोपा आहे का?" हल्ली बाबा संध्याकाळी फिरायला जातात. त्यांना जरा उशीर झाला की मी गॅलरीत फेऱ्या मारते. आई म्हणते, "बस गं जरा." मला बसवत नाही.